सीडब्ल्यू ऐकताना ऑडिओ पीक फिल्टर कसा लावावा: मध्य, रुंदी आणि पातळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सचे सिग्नल, ऐकण्यासाठी हौशी रेडिओच्या ट्रान्सीव्हरवर (प्रसारण आणि ग्रहण दोन्ही करणाऱ्या यंत्रावर) एपीएफ, म्हणजे ऑडिओ पीक फिल्टर, असे बटण आहे आणि त्याच्या जोडीला एक नॉब आहे. बटण दाबले की हेडफोनमधला आवाज पोकळ, घुमल्यासारखा होतो. नॉब फिरवला की ऐकू येत असलेले स्टेशन कधी ठळक होते, तर कधी जवळजवळ नाहीसे होते. हा फिल्टर नेमका कशासाठी आहे, तो लावायचा कसा, आणि तो असताना २५० हर्ट्झचा अरुंद फिल्टर विकत घेण्याची किंवा वापरण्याची गरज उरते का?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहे: गरज उरते. अरुंद आयएफ फिल्टर (आवाज तयार होण्याआधीच्या, मधल्या वारंवारितेच्या टप्प्यावरचा फिल्टर) नको असलेले सिग्नल रिसीव्हरच्या आत येऊच देत नाही. ऑडिओ पीक फिल्टर आत आलेल्या आवाजांपैकी एक सूर वर उचलतो आणि बाकीचे मागे ढकलतो, पण ते पुसून टाकत नाही. या दोन कामांत गल्लत झाली की एपीएफबद्दल निराशा ठरलेलीच असते, कारण शेजारचे बलाढ्य स्टेशन घालवण्याची अपेक्षा त्याच्याकडून केली जाते आणि ते काम त्याचे नाही.

सिग्नल कोणत्या वाटेने येतो ते पाहिले की कारण कळते. अँटेनाकडून आलेला सिग्नल आधी रूफिंग फिल्टरमधून (सुरुवातीच्या ढोबळ गाळणीतून), मग आयएफ किंवा डीएसपीच्या (अंकीय सिग्नल प्रक्रियेच्या) मुख्य फिल्टरमधून जातो. त्यानंतर एजीसी (गेनचे आपोआप नियंत्रण) त्याची पातळी मोजते आणि रिसीव्हरची संवेदनशीलता त्यानुसार वरखाली करते. एपीएफ बहुतेक यंत्रांत या सगळ्याच्या पुढे, म्हणजे आवाज तयार झाल्यानंतर बसलेला असतो. समजा मुख्य फिल्टर ५०० हर्ट्झचा आहे, ऐकायचे स्टेशन क्षीण आहे आणि त्याच ५०० हर्ट्झच्या आत, त्याच्यापासून १५० हर्ट्झ अंतरावर, एक जोरदार स्टेशन सुरू आहे. एजीसी त्या जोरदार स्टेशनच्या प्रत्येक डॉट-डॅशबरोबर संवेदनशीलता खाली ओढणार, आणि क्षीण स्टेशन त्याच तालात दबत-उसळत राहणार. एपीएफ लावल्यावर जोरदार स्टेशनचा आवाज हेडफोनमध्ये कमी होईल, पण क्षीण स्टेशनची ही उसळी तशीच राहील, कारण नुकसान आधीच झालेले आहे. अशा वेळी मुख्य फिल्टर २५० किंवा २०० हर्ट्झपर्यंत अरुंद करणे, शिफ्ट किंवा पासबँड ट्यूनिंगने शेजाऱ्याला कडेबाहेर ढकलणे, किंवा मॅन्युअल नॉच (एकच सूर कापणारा फिल्टर) एजीसीच्या आधी काम करत असेल तर तो वापरणे, हेच उपाय खरे. आरएफ गेन (रिसीव्हरच्या सुरुवातीच्या टप्प्यांची वाढ) थोडा मागे घेतला तरी एजीसीचा हा त्रास बराच कमी होतो, आणि सीडब्ल्यू ऐकणाऱ्याने ती सवय लावून घेतलेली चांगली.

आता फिल्टरच्या आकाराकडे वळू. एपीएफ मुळात एक अनुनादी मंडल आहे: एका वारंवारितेवर त्याचा प्रतिसाद सर्वांत जास्त, आणि तिथून दोन्ही बाजूंना हळूहळू उतार. मध्य वारंवारितेला रुंदीने भागले की क्यू मिळतो. ७०० हर्ट्झवर ७० हर्ट्झची रुंदी म्हणजे क्यू १०. महत्त्वाचा आहे तो हा उतार. साध्या, एकाच अनुनादी टप्प्याच्या आणि ८० हर्ट्झ रुंदीच्या फिल्टरमध्ये मध्यापासून ४० हर्ट्झ बाजूला गेल्यावर सिग्नल ३ डेसिबलने उतरतो, ८० हर्ट्झवर ७ डेसिबलने, १६० हर्ट्झवर सुमारे १२ आणि २५० हर्ट्झवर सुमारे १६ डेसिबलने. चांगला अरुंद आयएफ फिल्टर इतक्या अंतरावर ६० डेसिबल किंवा त्याहूनही अधिक घट देतो. या आकड्यांवरूनच एपीएफचा स्वभाव कळतो: तो कडेला भिंत बांधत नाही, फक्त चढ निर्माण करतो.

हा दुबळेपणा वाटतो, पण सीडब्ल्यू ऐकताना त्याचाच मोठा उपयोग होतो. २०० हर्ट्झपेक्षा अरुंद आणि सरळ कडांच्या फिल्टरमध्ये ऐकताना आजूबाजूचा बँड पूर्ण बंद होतो. १५० हर्ट्झ बाजूला कोणी उत्तर दिले तर ते कळतही नाही. ५०० हर्ट्झचा मुख्य फिल्टर आणि त्यावर एपीएफ अशी जोडी ठेवली, तर मधला सूर पुढे येतो आणि बाजूला बोलावणारा मागे, मंद, पण ऐकू येत राहतो. शांत बँडवर क्षीण स्टेशन शोधताना मी हीच जोडी वापरतो, आणि शेजारी मोठे स्टेशन आले तरच मुख्य फिल्टर आवळतो.

नॉब फिरवल्यावर स्टेशन नाहीसे का होते, याचे उत्तरही या आकड्यांतच आहे. रुंदी ३० हर्ट्झ असेल आणि फिल्टरचा मध्य स्टेशनच्या सुरापासून फक्त ४० हर्ट्झ चुकला असेल, तर सिग्नल ९ डेसिबलने खाली जातो. क्षीण सिग्नलच्या बाबतीत ९ डेसिबल म्हणजे ऐकू येणे आणि न येणे यांतला फरक. म्हणून एपीएफच्या तीन नियंत्रणांपैकी, म्हणजे मध्य, रुंदी आणि पातळी यांपैकी, मध्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

मध्य लावण्याआधी सीडब्ल्यू पिच ठरवा. हा तो सूर, ज्यावर स्टेशन अचूक ट्यून झालेले असताना ऐकू येते. बहुतेक यंत्रांत तो साधारण ३०० ते ९०० हर्ट्झच्या दरम्यान कुठेही ठेवता येतो आणि साइडटोनही (स्वतः पाठवताना ऐकू येणारा सूर) त्याच सुरावर असतो. अनेक यंत्रांत एपीएफचा मध्य पिचबरोबर आपोआप सरकतो आणि नॉब फक्त त्याच्या आजूबाजूचा फरक देतो. तेव्हा प्रथम नॉब शून्यावर आणावा. त्यानंतर पुढची परीक्षा करून पाहावी, जी कोणत्याही यंत्रावर दोन मिनिटांत होते. बँडवर रिकामी जागा शोधा, मुख्य फिल्टर ५०० हर्ट्झवर ठेवा, एपीएफ सर्वांत अरुंद करा आणि फक्त बँडची खरखर ऐका. तिला एक सूर आलेला जाणवेल, जणू खरखरीतून कोणी तरी अस्पष्ट गुणगुणत आहे. आता स्पॉट बटण दाबून साइडटोन ऐका. गुणगुण आणि साइडटोन एकाच सुरात असतील तर एपीएफचा मध्य बरोबर पिचवर आहे. गुणगुण वर किंवा खाली वाटली तर ती साइडटोनशी जुळेपर्यंत नॉब हळूहळू फिरवा आणि ती जागा लक्षात ठेवा. सुराचा कान पक्का नसेल तर हेडफोनच्या आउटपुटमधून संगणकाच्या साउंड कार्डला आवाज द्या आणि कोणत्याही ऑडिओ स्पेक्ट्रम प्रोग्रॅमवर पाहा; खरखरीच्या सपाट पट्टीवर एपीएफचा उंचवटा स्वच्छ दिसतो, आणि त्याची रुंदीही तिथेच मोजता येते.

एवढे झाले की उरते स्टेशनला त्या मध्यावर आणणे. इथे बहुतेकांची घाई होते. स्टेशन ऐकू आले की एपीएफ दाबला जातो, पण स्टेशन पिचपासून ६०-७० हर्ट्झ दूर असते आणि दाबताक्षणी ते बुडते; मग फिल्टर निकामी ठरवला जातो. आधी झिरो-बीट (स्टेशन नेमके पिचवर आणणे), मग एपीएफ, हा क्रम सोडू नये. ऑटो-ट्यूनचे बटण असेल तर ते जोरदार सिग्नलवर छान चालते, पण खरखरीत बुडालेल्या सिग्नलवर ते चुकते आणि तिथे कानानेच काम करावे लागते. त्यासाठी एक खात्रीची युक्ती आहे: स्टेशन ऐकताना यंत्र सीडब्ल्यूवरून सीडब्ल्यू-आरवर, म्हणजे उलट्या साइडबँडवर न्या. स्टेशनचा सूर बदलला नाही तर ते नेमके पिचवर आहे. सूर बदलला तर दोन्ही सुरांच्या मधोमध येईपर्यंत डायल फिरवा.

स्टेशन बोलता बोलता सरकले, किंवा आपल्याला बोलावणारा थोडा बाजूला आला, तर आरआयटी (फक्त ग्रहणाची वारंवारिता थोडी सरकवणारे नियंत्रण) वापरावा की एपीएफचा मध्य सरकवावा, असा प्रश्न पडतो. आरआयटीने स्टेशनचा सूर बदलतो आणि ते मुख्य फिल्टरच्याही मध्यावर येते, शिवाय प्रसारणाची वारंवारिता जागच्या जागी राहते. एकट्या स्टेशनशी संवाद चालू असेल तर आरआयटीच योग्य. एपीएफचा मध्य सरकवताना सूर तसाच राहतो, फक्त कोणत्या सुराला उचलायचे ते बदलते. अनेक जण एकाच वेळी बोलावत असतात तेव्हा हे दुसरे कामी येते. समजा ७०० हर्ट्झच्या पिचवर तीन जण एकदम आले: एक ६२० वर, एक ७०० वर, एक ७९० वर. कानाला तिन्ही सूर वेगळे कळतात, पण एकमेकांवर पडल्यामुळे एकाचेही संबोधन (कॉलसाइन) पूर्ण हाती लागत नाही. रुंदी मध्यम ठेवून नॉब सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेला तर एकेक सूर आळीपाळीने पुढे येतो, आणि त्या त्या क्षणी त्याची दोन-तीन अक्षरे तरी पकडता येतात. डायलला हात न लावता हे होते, हा त्यातला सर्वांत मोठा फायदा. दोन अक्षरे मिळाली की ती पाठवून बाकीच्यांना थांबवता येते.

रुंदीचा विचार करताना वेगाकडे पाहावे. मोर्सच्या प्रचलित मापानुसार एका डॉटची लांबी मिलिसेकंदांत मोजायची तर १२०० ला मिनिटाच्या शब्दसंख्येने भागायचे: २० शब्दांच्या वेगाला ६० मिलिसेकंद, ४० शब्दांच्या वेगाला ३०. घंटेला टोला दिल्यावर ती जशी काही काळ वाजत राहते, तसा अनुनादी फिल्टरही सिग्नल थांबल्यावर थोडा वेळ वाजत राहतो, आणि जितका अरुंद तितका जास्त वेळ. ८० हर्ट्झच्या फिल्टरचा कालांक (आवाज साधारण एक तृतीयांशावर उतरायला लागणारा वेळ) सुमारे ४ मिलिसेकंद असतो, ३० हर्ट्झच्या फिल्टरचा साडेदहाच्या आसपास. म्हणजे ३० हर्ट्झच्या फिल्टरमध्ये २० शब्दांच्या वेगाला दोन डॉटमधल्या फटीत आवाज सुमारे ४९ डेसिबलने खाली जातो आणि अक्षरे स्वच्छ सुटी ऐकू येतात. ४० शब्दांच्या वेगाला तीच फट सुमारे २५ डेसिबलचीच उरते. शिवाय आवाज पूर्ण पातळीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत चढायलाच २४ मिलिसेकंद लागतात आणि डॉट असतो ३० मिलिसेकंदांचा. डॉटच्या कडा गोलावतात, ताल मऊ होतो, आणि वेगाने ऐकणाऱ्याचा कान ज्या तीक्ष्ण सुरुवातीवर अवलंबून असतो तीच हरवते. २५ शब्दांच्या आत अरुंद रुंदी बिनधास्त वापरावी. त्याच्या वर मध्यम, आणि ३५ च्या पुढे रुंद किंवा बंद. इथे एपीएफच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी: त्याचे वाजत राहणे सरळ उतरत्या प्रकारचे असते, तर तितक्याच अरुंद आणि उभ्या कडांच्या फिल्टरमध्ये ते जास्त लांबते आणि मागून प्रतिध्वनी आल्यासारखे वाटते. त्यामुळे सारख्याच रुंदीला एपीएफ कानाला कमी थकवतो.

खरखरीच्या बाबतीत कागदावरचा फायदा किती? ८० हर्ट्झच्या साध्या अनुनादी फिल्टरमधून जाणारी खरखर साधारण १२६ हर्ट्झच्या चौकोनी फिल्टरइतकी असते, म्हणजे ५०० हर्ट्झच्या तुलनेत तिची शक्ती एक चतुर्थांश, ६ डेसिबल कमी. प्रत्यक्षात कानाला तेवढा फरक वाटत नाही, कारण सरावलेला कान स्वतःच एक फिल्टर आहे: ५०० ते ७०० हर्ट्झच्या पट्ट्यात तो साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या रुंदीतलीच खरखर त्या सुराशी जोडून ऐकतो आणि बाकीची बाजूला ठेवतो. म्हणूनच कुशल ऑपरेटर रुंद फिल्टरमध्येही क्षीण सिग्नल काढतात. मग एपीएफ कशाला? तासन् तास ऐकताना कानाला जी निवड करावी लागते तिचा भार तो हलका करतो, आणि थकवा उशिरा येतो. माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे मोल इथे आहे. याच कारणाने पिच खाली ठेवण्याचा आग्रह मी धरतो. दोन स्टेशनांत २५ हर्ट्झचा फरक असेल तर ८०० हर्ट्झच्या आसपास तो अर्धस्वराच्या सुमारे निम्माच भरतो, ४०० हर्ट्झच्या आसपास तोच जवळजवळ एका पूर्ण अर्धस्वराइतका होतो आणि कानाला सहज वेगळा कळतो. ४५० ते ५५० हर्ट्झच्या पिचवर काही आठवडे ऐकून पाहावे; सुरुवातीला आवाज जड वाटतो, मग उंच सूर सहन होत नाही.

तिसरे नियंत्रण पातळीचे, जे सगळ्या यंत्रांत नसते. खरखर कमी झाली की एकूण आवाज मंद वाटतो, म्हणून काही उत्पादक एपीएफ चालू असताना ० ते ६ डेसिबलची वाढ देण्याची सोय ठेवतात. एपीएफ लावल्यावर स्टेशनचा आवाज होता तेवढाच राहील इतकीच वाढ द्यावी. पूर्ण ६ डेसिबल ठेवले आणि शिवाय व्हॉल्यूमही वाढवला, तर मध्यावर अचानक जोरदार स्टेशन आले की हेडफोनमध्ये कानठळ्या बसतात. कानाचे नुकसान भरून येत नाही. एजीसी बंद ठेवून ऐकणाऱ्यांनी तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

निरनिराळ्या यंत्रांवर ही नियंत्रणे वेगवेगळ्या जागी असतात. आयकॉमच्या आयसी-७६१० मध्ये रुंदीच्या तीन पायऱ्या, शार्प आणि सॉफ्ट असे दोन आकार आणि वर सांगितलेली पातळीची वाढ आहे. क्षीण सिग्नलसाठी सॉफ्ट आधी वापरून पाहावा. यासूच्या एफटीडीएक्स१०१ मालिकेत कंटूर आणि एपीएफ एकाच नॉबवर आहेत, मध्य पिचपासून दोन्ही बाजूंना २५० हर्ट्झपर्यंत सरकतो आणि रुंदी मेनूमध्ये ठरवायची असते. तिथे कंटूर चालू आहे की एपीएफ, हे पडद्यावर पाहिल्याशिवाय नॉबला हात लावू नये, कारण कंटूर हा आवाजाचा पोत बदलणारा वेगळा फिल्टर आहे. केनवूडच्या टीएस-८९०एस मध्ये रुंदी, सरकवणे आणि पातळी ही तिन्ही आहेत. एलेक्राफ्टच्या के३ मध्ये एपीएफ सुमारे ३० हर्ट्झचा, म्हणजे बराच अरुंद आहे आणि त्याचा मध्य शिफ्टच्या नॉबने हलतो, म्हणून तिथे झिरो-बीटची शिस्त सर्वांत जास्त लागते.

ही सोय डीएसपीबरोबर आली असे मात्र नाही. यासूच्या एफटी-९०२डीएममध्ये ऑडिओ पीक फिल्टर होता, केनवूडच्या टीएस-९३०एसमध्ये एएफ ट्यून नावाने तेच काम होत असे, आणि त्याच्याही आधी हौशी मंडळी टेलिफोन लाइनवरून काढलेल्या ८८ मिलिहेन्रीच्या टोरॉइड कॉइल वापरून स्वतःच असे फिल्टर बनवत. तसल्या कॉइलला ०.५९ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की अनुनाद ७०० हर्ट्झवर येतो. जुन्या यंत्रात एपीएफ असेल तर भाग तापल्यावर मध्य थोडा सरकू शकतो, तेव्हा खरखरीची परीक्षा यंत्र तासभर चालू राहिल्यानंतर पुन्हा करावी.

एपीएफ कधी बंद ठेवावा, हेही तितकेच नेमके सांगता येते. विजांच्या मोसमात १६० आणि ८० मीटरच्या बँडवर प्रत्येक कडकडाट हा फिल्टरला दिलेला टोलाच असतो, आणि अरुंद एपीएफ त्याचे रूपांतर नेमक्या पिचवरच्या छोट्या सुरात करतो. खरखरीत असे खोटे डॉट मिसळले की ई चा आय होतो आणि एस चा एच. अशा रात्री रुंदी सर्वांत मोठी ठेवावी किंवा फिल्टर काढून टाकावा. नॉइज ब्लँकर (ठोके तेवढ्यापुरते पुसणारी सोय) अरुंद फिल्टरच्या आधी काम करतो, म्हणून विजेच्या तारांसारख्या नियमित ठोक्यांवर तो आधी लावून पाहावा. दूरच्या विजांवर त्याचा उपयोग थोडाच होतो. ध्रुवीय मार्गाने आलेले सिग्नल थरथरतात आणि त्यांचा सूर काही दहा हर्ट्झमध्ये पसरतो. ध्रुवीय प्रकाशावरून परतलेल्या व्हीएचएफ सिग्नलचा तर सूरच उरत नाही, तो फुसफुसाट होतो. या दोन्ही ठिकाणी अरुंद एपीएफ सिग्नलचाच मोठा भाग फेकून देतो. चंद्रावरून परतणाऱ्या सीडब्ल्यू सिग्नलसाठी तो उपयोगी पडतो, पण १४४ मेगाहर्ट्झवर डॉप्लरमुळे वारंवारिता चंद्र उगवताना आणि मावळताना सुमारे ४०० हर्ट्झपर्यंत सरकलेली असते, म्हणून अपेक्षित सरक हिशेबात धरून आधी ट्यून करावे आणि मगच रुंदी कमी करावी.

एसएसबीसाठी, म्हणजे बोलून होणाऱ्या संवादासाठी, याचा उपयोग नाही, कारण बोललेल्या शब्दांची ओळख अनेक वारंवारितांच्या पट्ट्यांवर अवलंबून असते आणि त्यांपैकी एकच उचलली तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. आरटीटीवायमध्ये (रेडिओ टेलिटाइपमध्ये) दोन सूर असतात, म्हणून त्यासाठी आयकॉमच्या काही यंत्रांत २१२५ आणि २२९५ हर्ट्झवर दोन शिखरे असलेला वेगळा ट्विन पीक फिल्टर दिलेला आहे. तिथेही नियम तोच लागू होतो, की आधी दोन्ही सूर शिखरांवर आणावेत आणि मग फिल्टर दाबावा.